आरव्ही, वाळवंट आणि पाखरं : तुमचे अनुभव लिहा

मार्चमध्ये आम्ही दोघं आणि सासूबाई भाड्याची आरव्ही (म्हणजे चाकांवरचं घर) घेऊन दहा दिवस अ‍ॅरिझोनात होतो, आधी टूसॉन, मग ऑर्गन पाइप कॅक्टस नॅशनल मॉन्युमेंट. ट्रेलचे मॅप बिप डाउनलोड करून ठेवलेले, पण खरं सांगू, निम्म्याहून जास्त पक्षी दारात खुर्ची टाकून चहा पिताना दिसले. आपण ताडोबात लपणात बसतो ना तसंच, फक्त इथे लपणाला चाकं आणि आत फ्रिज. गँबेल्स क्वेल तर कपाळावरचा तुरा हलवत टेबलाखालून गेले. तुम्ही कोणी राहिला असाल तर लिहा, फोटो नसले तरी चालेल.

---

आमच्या खिडकीसमोर भलामोठा सवारो कॅक्टस होता आणि त्याला हीला सुतार पक्ष्यांनी पाडलेली तीन भोकं. कॅक्टस म्हणे त्या जखमेला आतून कडक साल धरतो, मग ढोली कोरडी राहते आणि सुतार गेला की दुसरे भाडेकरू येतात. एप्रिलची गोष्ट. रात्री शेजारच्या गाडीतून कुत्र्याचं पिल्लू सारखं क्याव क्याव करतंय म्हणून नवरा वैतागला, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना विचारलं तर त्यांच्याकडे कुत्राच नाही! ते एल्फ आउल होतं. जगातलं सगळ्यात छोटं घुबड, चाळीसेक ग्रॅमचं, आपल्या पिंगळ्याचे तीन भाग केले तर त्यातला एक. थंडीत मेक्सिकोकडे जातं, वसंतात परत येतं. चार रात्री ऐकलं, दिसलं एकदाच, ते पण भोकातून नुसतं तोंड.

---

मी धागा काढणारीची सासू. चहा पिताना दिसले असं लिहिलंय, चहा कोण करत होतं ते लिहिलं नाही. असो. मला आवडला रोडरनर. पहिल्यांदा बघितला आणि मी म्हटलं अरे हा तर आपला भारद्वाज, तीच चाल, तीच लांब शेपूट, रंग तेवढा मातकट. मुलाने पुस्तकात बघितलं तर खरंच दोघं कोकिळेच्या कुळातले निघाले. सकाळी थंडीत उन्हाकडे पाठ करून पिसं फुलवून उभा राहायचा, खालची काळी कातडी शेकत, मी डिसेंबरात गॅलरीत बसते तश्शी. भारद्वाज दिसणं शुभ, म्हणून त्या दिवशी शिरा केला. रवा जरा जास्त भाजला गेला तर गाडीतला स्मोक अलार्म केकाटायला लागला, हा पठ्ठ्या जागचा हलला नाही, तोंडात सरडा तसाच.

---

काकू शिरा भारी 😄 माझा अनुभव एवढा गोड नाही. जानेवारीत अ‍ॅरिझोनातच क्वार्टझसाइटजवळ सरकारी मोकळ्या जागेत थांबलो होतो, 14 दिवस फुकट राहता येतं तिथे, वीज पाणी काही नाही. पाचव्या दिवशी गाडी सुरूच होईना, बॉनेट उघडलं तर इंजिनावर चोया कॅक्टसचे काटेरी तुकडे रचलेले आणि वायरी कुरतडलेल्या. पॅकरॅट नावाचा उंदीर! एका रात्रीत घर बांधायला काढलेलं. टो, मेकॅनिक, सगळं मिळून ट्रिपचं बजेट गेलं. नंतर कळलं की तिथले जुने लोक रात्री बॉनेट उघडं टाकून खाली दिवा लावून ठेवतात, उंदराला अंधार हवा असतो म्हणून. आम्ही पण तेच केलं तर शेवटच्या रात्री छतावरच्या एसीवर ग्रेट हॉर्न्ड आउल येऊन बसलं, हू हू चाललेलं. बाबा रे, चार दिवस आधी आला असतास तर.

---

अँझा-बोरेगोचं वाळवंट, कॅलिफोर्निया. पाण्याच्या पाइपला लाल हँडल आहे, कोस्टाज हमिंगबर्ड रोज सकाळी येऊन त्याला फूल समजून चोच लावायचा आणि निराश होऊन जायचा. आम्हालाच अपराधी वाटायला लागलं, शेवटी हँडलवर मोजा चढवला.

---

यूव्ही टॉर्च न्या! विंचू हिरवे चमकतात. पायऱ्यांखाली सात मोजले, त्यानंतर बायको चप्पल झटकल्याशिवाय घालत नाही, पुण्यात आल्यावर सुद्धा. आणि हावेलिना रात्री आले तर वासावरूनच कळतं, दिसायला रानडुक्कर पण डुक्कर नाही तो. कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवू नका, आम्ही ठेवली होती.

---

वाचतेय सगळ्यांचं. मोजा चढवलेल्या हँडलचा फोटो असेल तर प्लीज टाका. आणि आई, चहा तुम्हीच करत होतात, दोन्ही वेळचा. वर एडिट करता येत नाहीये.