टाचेमागे दुखतंय, डॉक्टर म्हणतात पळणं सोडा

संथगती:
वय ४७, दिवसभर खुर्चीत. आठवड्यातून तीनदा पाच-सहा किलोमीटर पळतो, पदकासाठी नाही, डोकं शांत राहतं म्हणून. दोन महिन्यांपूर्वी अंतर एकदम दहावर नेलं (हो, चूक माझीच). तेव्हापासून डाव्या टाचेच्या तीन बोटं वर दुखतं. सकाळची पहिली पावलं लंगडत, मग मोकळं होतं. तीन आठवडे विश्रांती घेतली, बरं वाटलं. पळालो, पुन्हा तेच. डॉक्टर दोन मिनिटांत म्हणाले, "या वयात पळायचं कशाला? चाला." स्पोर्ट्स मेडिसिनवाल्यांकडे माझ्यासारख्याने जावं का? की ते फक्त संघात खेळणाऱ्यांसाठी?

शटलकाकू:
जा की! मी बॅडमिंटनवाली, वय ५३, माझंही अकिलीसच होतं, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी जाड दोरी, कंडरा म्हणतात ती. तिथे कुणी वय काढलं नाही. एका पायावर टाच किती वेळा उचलता येते ते मोजायला लावलं. उजव्यावर २२, डाव्यावर ७. तिथेच कळलं, विश्रांतीने दुखणं थांबत होतं, पण पोटरी आणखी कमजोर होत होती.

मला दिलेला व्यायाम स्वीडनच्या अल्फ्रेडसन या डॉक्टरांचा. त्यांची स्वतःचीच कंडरा दुखायची, वरिष्ठ शस्त्रक्रिया करेनात, म्हणून वैतागून तिच्यावर मुद्दाम भार टाकत सुटले, आणि ती बरी झाली! १९९८ मध्ये त्यांनी हौशी धावकांवरचा अभ्यास छापला. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली न्यायची, वर येताना दुसऱ्या पायाचा आधार. १५ चे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून, तीन वाकवून. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. भयंकर कंटाळवाणं. पाचव्या आठवड्यात मी सोडूनच देणार होते.

हिरवळ:
एक इंजेक्शन घेऊन टाका, मोकळे व्हा.

फिजिओ_रोजचा:
अकिलीसमध्ये स्टिरॉइडचं इंजेक्शन नको, कंडरा तुटण्याची भीती असते. संथगती, दुखरी जागा नेमकी कुठे ते आधी कुणाला तरी हाताने तपासू द्या. कंडरा हाडाला चिकटते तिथे असेल तर टाच पायरीखाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा. व्यायामात थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या सकाळी ताठरपणा वाढला तर भार कमी करा. मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि हो, अलीकडे सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घेतलं होतं का? त्यानेही कंडरा दुखावतात.

संथगती:
आत्ताच भिंतीला हात लावून मोजलं. उजव्यावर १९, डाव्यावर ६, सातव्याला पाय थरथरला. काकू, तुमच्याहून एकने मागे! वेळ घेतोय. खोकल्यासाठी मध्यंतरी कसल्यातरी गोळ्या घेतल्या होत्या, त्यांचं पाकीट शोधतोय.