तान्ह्या पोळ्याचा नंदी: विकतची सजावट कशाला?
ताई, तुम्ही विचारलंत की तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या लेकरांच्या पोळ्यासाठी, लेकराचा नंदी (चाकांचा लाकडी बैल) घरच्या घरी कसा सजवायचा. आमच्याकडे, वर्धेकडच्या खेड्यात, नंदी सासऱ्यांच्या वेळचाच आहे, झूल मात्र दरवर्षी नवी. फाटलेल्या साडीचा जरीकाठ आधी उसवून घ्यायचा. मग नंदीच्या पाठीवर वर्तमानपत्र टाकून, पोटापर्यंत दुमडून माप काढायचं. तेवढं कापड कापून कडेला काठ शिवायचा. टिकल्या, काचा लेकरांनाच लावू द्या, वाकड्यातिकड्या लागल्या तरी चालतात. गेल्या साली मी घाईत डिंकानं चिकटवल्या होत्या, दारोदार बोजारा (नंदीच्या नावानं मिळणारे खाऊ-पैसे) मागत फिरताना पावसात अर्ध्या गळाल्या. म्हणून आता टाकेच घालते.

चाकं तुटली असतील तर जुन्या स्लिपरच्या तळव्यातून वाटीच्या मापानं चार चकत्या कापा. भोकं मोठ्यांनीच पाडावी, तापवलेल्या खिळ्यानं. आस म्हणून सायकलचा तार चालतो. मातीच्या रस्त्यावर ही चाकं लाकडीपेक्षा बरी धावतात, आवाजही करत नाहीत (पोरांना तेच आवडत नाही म्हणा).

सण झाला की झूल उन्हात वाळवून, कडुनिंबाचा वाळला पाला घालून डब्यात ठेवा. नाही तर झुरळं काठ कुरतडतात.