सिसिलीला जाताना रेल्वेची बोट चुकवू नका
रोमहून सिसिली बेटावर कसं जावं, असं विचारलं की बहुतेक जण विमानच बरं म्हणतात. वेळ कमी असेल तर ठीक, पण एक रात्र हाताशी असेल तर सिसिलीची राजधानी पालेर्मोची थेट रेल्वे घ्याच! इटलीच्या मुख्य भूमीच्या टोकाला, व्हिला सान जोवानी बंदरात गाडीचे डबे सुटे करून बोटीच्या पोटातल्या रुळांवर चढवतात. आपण बर्थवर, खालून साखळ्यांचा खणखणाट. मग जिन्याने डेकवर जायचं. समोर सिसिलीतलं मेसिना शहर, बंदराच्या तोंडाशी उंच खांबावर सोनेरी मादोन्ना, म्हणजे मेरीमातेचा पुतळा. मधली सामुद्रधुनी सर्वात अरुंद जागी सुमारे ३ किमीच, पण डबे चढवण्या-उतरवण्यात बराच वेळ जातो. वर जाताना पासपोर्ट, पैसे सोबत घ्या आणि डब्याचा नंबर पाठ करा, खाली सगळे डबे सारखेच दिसतात.