मदत हवी आहे: एडीएचडी आणि रजोनिवृत्ती, नोंदतक्त्यात काय असावं?

चाळिशी-पन्नाशीतल्या एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जातं अशी मेंदूची स्थिती) असलेल्या बायकांसाठी डॉक्टरांना दाखवायचा एकपानी तक्ता करतेय. पाळी मागेपुढे होऊ लागली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक खालीवर होतं, मेंदूतल्या डोपामिन या रसायनावर त्याचा परिणाम होतो आणि वर्षानुवर्षं लागू पडलेली मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्या औषधाची मात्रा अपुरी वाटू लागते. डॉक्टरांसमोर मात्र "हल्ली काही सुचत नाही" एवढंच सांगितलं जातं, आणि सगळं टेन्शनवर जातं.

रकाने पाचच ठेवलेत: पाळीची तारीख, झोपेचे तास, गरमीचे झटके, गोळीची वेळ, असर उतरल्याची वेळ. जास्त केले की भरणंच बंद पडतं. कागद फ्रिजवर, पेन दोऱ्याने बांधलेलं. मोबाइलमध्ये तो हरवतो. बीपी आणि नाडी आठवड्यातून एकदा, कारण मिथाइलफेनिडेटने दोन्ही वाढू शकतात. आणखी काय हवं?

दुसरं, ऑटिझम असलेल्या ज्यांना रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी त्वचेवर लावायच्या इस्ट्रोजेन जेलचा चिकटपणा सहन होत नाही, त्यांना डॉक्टरांनी कोणता पर्याय दिला? (गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतं, हे धरूनच विचारतेय.)

सगळ्यात काळजीचं हे: गरमीच्या झटक्यांसाठी पॅरोक्सेटिन सुरू झालं आणि एडीएचडीसाठी अ‍ॅटोमॉक्सेटिन आधीच चालू असेल, तर यकृतात अ‍ॅटोमॉक्सेटिनचं विघटन मंदावतं आणि रक्तातलं प्रमाण चांगलंच वाढतं. धडधड, मळमळ होते आणि तीही रजोनिवृत्तीच्या खात्यात जमा होते! स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ एकमेकांशी बोलून औषधं ठरवतात, असं पुण्यात किंवा नाशकात कुठे होतं का? कृपया कळवा.