साडेपाच महिने, हिमोग्लोबिन ८.४: जंताची गोळी घेऊ की नको?

कुळागरातली (सत्तरी)
आमचं घर वाळपईच्या पुढे, पोफळींच्या कुळागरात. पहिलंच बाळंतपण. परवाच्या तपासणीत हिमोग्लोबिन ८.४ आलं. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून चालू आहेत, एकही चुकवली नाही, सकाळच्या चहाबरोबर न विसरता घेते. तरी आकडा हलत नाही. सिस्टरनी अल्बेंडाझोलची ४०० ची एक गोळी हातावर ठेवली आणि चावून खा म्हणाल्या. ती अजून फळीवर आहे. सासूबाई म्हणतात, जंताच्या औषधाने जंतांबरोबर पोरही पडतं. नवरा दोघींच्या मधे, म्हणजे गप्प.

खाण्यापिण्याचं कमी नाही हो. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी मासळी, परसात तांबडी भाजी. एक सांगायला लाज वाटते. डब्यातले कच्चे तांदूळ मूठमूठ खाते, कुणी बघत नसताना. डोहाळे असतील म्हणून सोडून दिलं. कुणी घेतलीय का ही गोळी पोटुशी असताना?

डोंगरपायथा
गोळ्याबिळ्या कशाला? वावडिंग उकळून पाणी प्या. आमच्या आजीने सगळ्या पोरांना तेच पाजलं.

सिस्टरमावशी (निवृत्त, डिचोली)
आधी वावडिंगाचं. बाबा, पोरांना पाजलं ते ठीक. पण पिंपळी, वावडिंग आणि टाकणखार हे मिश्रण जुन्या वैद्यकात गर्भ राहू नये म्हणून सांगितलेलं आहे. पोटुशीला ते सुचवू नकोस.

आता तू, बाय. सासूबाई अगदीच चुकीचं बोलत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी देत नाहीत. चौथ्या महिन्यापासून पुढे देतात, एकच, आणि सरकारी कार्यक्रमातही ती तशीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही याच बेताने सांगितलंय: जिथे गरोदर बायांत अंकुशकृमी किंवा चाबूककृमी २० टक्के किंवा जास्त आणि रक्तक्षय ४० टक्के किंवा जास्त, तिथे पहिली तिमाही उलटल्यावर अल्बेंडाझोल ४०० किंवा मेबेंडाझोल ५००. आपल्या देशात २०१९-२१ च्या पाहणीत गरोदर बायांतल्या ५२.२ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त, तू काही एकटी नाहीस.

मला तुझी पेज आणि मासळी सोडून दुसरंच विचारायचंय. कुळागरात अनवाणी जातेस ना? पाणी सोडताना, सुपारी वेचताना? आणि हंगामात कामाला येणारी माणसं शौचाला कुठे जातात? व्हाळाकडेच जात असणार. अंकुशकृमीला हेच हवं असतं: सावली, ओल, मऊ माती. विष्ठेतल्या अंड्यांतून निघालेली अळी तळपायाच्या कातडीतून आत शिरते, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, गिळली की आतड्यात. तिथे भिंतीला दात लावून बसते आणि रक्त पिते. नेकेटर जातीचा एक किडा दिवसाला ०.०३ मिलीलीटर घालवतो. हसू येईल इतकं थोडं. पण शंभर असले तर महिन्याला ९० मिलीलीटर, आणि तुझ्या पोटातलं बाळ आधीच लोह ओढतंय. तू वरून ओतत्येस, खालून गळतंय.

कच्च्या तांदळाची लाज धरू नकोस. लोह कमी पडलं की माती, तांदूळ, खडू असलं खावंसं वाटतं. ते डॉक्टरांना सांग, लपवू नकोस.

आणि चहाबरोबर लोहाची गोळी? ऐकून कपाळाला हात लावला! चहा लोह नीट शोषू देत नाही. गोळी लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घे, चहा आधी-नंतर तासभर दूर. कॅल्शियमची गोळी दुसऱ्या वेळेला. शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही.

मापुतोकर
मूळचा पेडण्याचा, कामानिमित्त मोझांबिकात. इथे हाच वाद, फक्त किडा निराळा. गरोदर बाईला दुसऱ्या तिमाहीपासून तपासणीला आली की हिवतापाच्या तीन गोळ्या एकदम नर्ससमोर गिळायला लावतात, दोन खेपांत निदान महिन्याचं अंतर ठेवून. फाल्सिपेरम जातीच्या हिवतापाचे परजीवी वारेत चिकटून बसतात. आईला ताप नसतो, आणि मूल मात्र हलकं जन्मतं. आमच्या घरी स्वयंपाक करणारी मुलगी पोटुशी होती तेव्हा तिची आई अशीच दाराशी बसून राहिली होती, जाऊ देईना. तिचं जेवण म्हणजे मक्याची शिमा आणि वर कसाव्याच्या पाल्याचा मातापा. मासळी आठवड्यातून एकदा, तीही सुकी. त्यात हिवताप आणि जंत, दोन्ही एकाच अंगात. (या गोळ्या आपल्याकडे गरोदरपणात अशा देत नाहीत, कुणी मागवू नका.)

कुळागरातली
मावशी, काल रात्री जेवणानंतर घेतली. सासूबाईंना तुमचं लिहिणं वाचून दाखवलं. पहिल्या तीन महिन्यांचं आलं तिथे "बघ, मी म्हटलं नव्हतं?" म्हणाल्या आणि मग पाण्याचा तांब्या स्वतःच आणून दिला. रात्रभर जाग्या होत्या, मी झोपले.

आता चपलांचं. ओल्या वाटेवर चप्पल घसरते, म्हणून तर अनवाणी. नवऱ्याने रबरी बूट आणले, पण संध्याकाळी पाय इतके सुजतात की आत जात नाहीत. एक नंबर मोठे आणू का? आणि गोळी परत कधी घ्यायची?

सिस्टरमावशी
गोळी परत मनाने घ्यायची नाही, डॉक्टरांना विचारून. किडा पोटात पिलं वाढवत नाही, पण अनवाणी फिरलीस तर नवे शिरतील.

पण बुटांचं राहू दे. पाय सुजतात हे आधी का नाही लिहिलंस? नडगीवर अंगठा दाबून धर आणि सोड, खळगा राहतो का बघ. सकाळी उठल्यावरही सूज असते का? तोंडावर, हातांवर? डोकं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते? पुढच्या तारखेची वाट बघू नकोस, उद्याच जा आणि बीपी, लघवी आणि हिमोग्लोबिन तिन्ही तपासून घे. यातलं काही आत्ताच होत असलं तर उद्याचीही वाट बघू नकोस. नवऱ्याला बरोबर ने, गप्प असला तरी गाडी चालवतोच ना. आकडे इथे लिही.