लढाई न करता गाव वाचलं अन् त्याचा सण, हे खरं हाय का?

मास्तर_आर्णी:
मंडळी एक विचारायचं होतं. शाळेत तान्ह्या पोळ्यासाठी (लेकरं लाकडी नंदी घेऊन फिरतात तो) लेकरांच्या सणांचं भित्तिपत्रक करून राहिलो. माझा भाचा जर्मनीत हाय, तो सांगते का तिकडं डिंकल्सब्यूल नावाच्या गावात दर जुलैत किंडरत्सेखे म्हणून सण असते, शत्रूची फौज दारात आली होती अन् गाव वाचवलं ते लेकरांनी, एक थेंब रक्त न सांडता. मले तर फेकून राहिला वाटते. खरं असेल तर लावतो, नाहीतर केंद्रप्रमुख येऊन माझीच शाळा घेतील.

न्यूर्नबर्ग_ते_पुसद:
सर, सण खरा आहे, मी स्वतः पाहिलाय. बव्हेरियातलं तटबंदीचं जुनं गाव, तट अजून शाबूत. युरोपात तीस वर्षांचं युद्ध चालू होतं (१६१८ ते १६४८), त्यात १६३२ मध्ये स्वीडिश फौज आली, कर्नल श्पेरॉइट. गावाकडं लढायची ताकदच नव्हती. मग पहारेकऱ्याची पोरगी लोरे सगळी लेकरं घेऊन गाणं म्हणत कर्नलपुढं गेली, त्याचा स्वतःचा मुलगा नुकताच वारलेला, त्याला दया आली अन् गाव लुटायचं राहिलं. आता दरवर्षी त्याचं नाटक होते, जुन्या काळचे गणवेश घालून पोरांचा बँड निघते, अन् लेकरांना कागदाच्या कोनात गोळ्या-चॉकलेट भेटते. आपला बोजाराच (तान्ह्या पोळ्याला लेकरांना भेटणारा खाऊ-पैसा) म्हणा ना, फक्त लाकडी नंदी नाही.

तूरवाला_दारव्हा:
म्हणजे गाव शरण गेलं ना भाऊ? दरवाजा उघडून देल्ला अन् मग पोट्टे पुढं केले, यात विजय कायचा? बिनरक्ताचा विजय पाह्यचा असन तं पालखेड पाहा, १७२८, बाजीरावानं निजामाची रसद तोडली, पाणी तोडलं, मोठी लढाई न होताच मुंगी-शेवगावचा तह करून घेतला. त्याचा सण कोणी करते का आपल्या इकडं? सांगा.

न्यूर्नबर्ग_ते_पुसद:
भाऊ लुटालूट, जाळपोळ झाली नाही हाच त्यांचा विजय. त्या युद्धात गावंच्या गावं ओसाड पडली होती.

जुनं_पान_वर्धा:
सर, भित्तिपत्रकावर "आख्यायिका" असं नक्की लिहा हो. फौज आली अन् गाव शरण गेलं हा इतिहास, पण लोरेची गोष्ट मागाहून चिकटली. मूळ सण शाळेचा, वर्षाच्या शेवटी पोरांना खाऊ घालायची प्रथा होती. त्सेखे म्हणजे खानावळीतल्या खाण्यापिण्याचं बिल, किंडर म्हणजे लेकरं. नाटक तर १८९७ पासूनचं. जवळच्याच रोथेनबुर्गचीही अशीच गोष्ट आहे, १६३१ ची, तिथं म्हणे माजी महापौरानं सव्वातीन लिटर दारू एका दमात पिऊन गाव वाचवलं. ती मात्र भिंतीवर लावू नका 😀

मास्तर_आर्णी:
😂 नाही लावत. "आख्यायिका" लिहिलं, तेही लाल स्केचपेननं. तूरवाले भाऊ, पालखेड आठवीच्या पोरांना देतो. आज वर्गात वाचून दाखवलं तं चौथीतला एक जण नंदीच्या चाकाला खिळा ठोकत बसला होता, तो मान वर न करता विचारते, "मास्तर, तो खाऊचा कागदी कोन घरोघरी फिरून मांगा लागते का बसल्या जागी भेटते?" पुसदवाले, सांगा बा, उद्या उत्तर द्या लागते.