पीआरचं डिस्क्रिप्शन एआयने लिहिलं तर रिव्ह्यू करणाऱ्याने नक्की वाचायचं काय?

बगळ्याची_माळ:
आमच्या टीममध्ये हल्ली बहुतेक पीआरची (पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल तपासून मुख्य कोडमध्ये घ्या ही विनंती) डिस्क्रिप्शन्स एआय लिहितंय. कोड ठेवायच्या गिटहबवर कोपायलट या एआयचं बटण आहेच, दाबलं की डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) वाचून समरी हजर. दिसायला झकास, हेडिंगं, बुलेट पॉइंट, मधेच एखादं रॉकेट. पण मला जे हवं असतं नेमकं तेच नसतं त्यात. परवाचंच घ्या, पेमेंटच्या कॉलचा टाइमआउट ३० सेकंदांचा ४५ केलेला. एआय म्हणतंय 'विश्वासार्हता वाढवण्यासाठी टाइमआउट वाढवला'. अरे ३० चे ४५ झाले हे मला डिफच्या लाल-हिरव्यात दिसतंय की! ४५ च का? विचारल्यावर कळलं की समोरचं गेटवे उत्तर द्यायला ४० सेकंदांपर्यंत घेतं आणि आपण ३० लाच फोन ठेवत होतो, म्हणजे पैसे कापले जायचे आणि आपल्याकडे ऑर्डर फेल. हे डिफमध्ये कुठेच नाही, मग नुसता डिफ वाचणाऱ्याला कळणार कुठून? बरं, माहीत नाही तर गप्प बसावं, तर तेही नाही, कारण ठोकून दिलं. जागा रिकामी असती तर मी लगेच विचारलं असतं, इथे भरलेली दिसली म्हणून जवळजवळ अप्रूव्ह करत होतो. माझं मत, बंद करा हे. तुमचं काय?

नाइट_शिफ्टवाला:
एआय यायच्या आधी लोक काय निबंध लिहायचे का हो? 'फिक्स'. 'मायनर चेंजेस'. टेम्प्लेटमधले चौकोन सगळे टिक केलेले, न वाचता. चाळीस फायलींच्या पीआरला एक शब्द. त्यापेक्षा कुठली फाइल कशासाठी आहे एवढं सांगणारी समरी बरी, निदान सुरुवात कुठून करायची ते तरी कळतं.

सांगलीकर_९१:
माझी बाजू वेगळी आहे. शाळा मराठी माध्यमाची, क्लायंट अमेरिकेत. बदल का केला ते डोक्यात पक्कं असतं, मराठीत विचाराल तर उभ्या उभ्या सांगेन, पण इंग्रजीत चार ओळी लिहायला कोडपेक्षा जास्त वेळ जायचा आणि वर भीती की आर्टिकल चुकलं तर तिकडचे लोक कोडही कच्चंच समजतील. आता मी मराठी-इंग्रजी मिसळून मुद्दे टाकतो, एआय ते नीट लिहून देतं, मी वाचून बघतो आणि टाकतो. यात कुणाचं काय बिघडलं? ज्यांचं इंग्रजी आधीपासून फर्डं आहे त्यांना 'बंद करा' म्हणणं सोपं आहे.

बगळ्याची_माळ:
@सांगलीकर, तुमच्याशी भांडणच नाही. कारण तुम्ही देताय, ते फक्त भाषा नीट करतंय. माझा राग बटण दाबून चहाला जाणाऱ्यांवर आहे.

नाइट_शिफ्टवाला:
मग धाग्यात 'बंद करा' कशाला लिहिलंत? 😄

गिटबाबा:
एक गोष्ट कुणी बोललंच नाही. स्क्वॉश मर्ज करताना (पीआरमधले सगळे बदल एकाच नोंदीत गुंडाळून मुख्य कोडमध्ये घेताना) पीआरचं डिस्क्रिप्शनच कमिट मेसेज, म्हणजे त्या नोंदीचं कायमचं वर्णन, म्हणून घ्यायची सेटिंग गिटहबमध्ये आहे आणि कित्येक रेपोंत (कोडच्या साठ्यांत) ती चालू असते. म्हणजे हा मजकूर रिव्ह्यूनंतर मरत नाही, तीन वर्षांनी कुणीतरी प्रॉडक्शन पडलेलं असताना गिट ब्लेम मारणार (कुठली ओळ कुणी, कुठल्या बदलात टाकली ते बघणार) आणि त्याच्या हाती काय लागणार, 'कोडची वाचनीयता सुधारली'. लिहिणारा तोवर दुसऱ्या कंपनीत. लिनक्स कर्नलवाले पॅच पाठवणाऱ्याला आधी प्रॉब्लेम काय आहे ते लिही म्हणतात ते उगाच नाही.

क्यूए_मावशी:
मला तर टेस्टिंगवाल्या ओळीचा जास्त राग येतो. 'सर्व टेस्ट पास, लोकली तपासलं.' कुणी तपासलं? एआयने? टेम्प्लेटमध्ये तो रकाना असतो म्हणून ते भरून टाकतं आणि खाली नाव तुमचं. समरी पोकळ असली तर वेळ जातो, ही ओळ मात्र सरळसरळ खोटी आहे, आणि तिच्यावर भरवसा ठेवून रिलीज जातं.

टर्मिनल_टिनू:
जेंटू या लिनक्स डिस्ट्रोने एप्रिल २०२४ मध्येच एआयच्या मदतीने बनवलेल्या योगदानावर बंदी घातली. त्यांना जमतं तर आपल्याला का नाही?

नाइट_शिफ्टवाला:
जेंटूची कारणं कॉपीराइट, क्वालिटी आणि नैतिकता, आणि तो स्वयंसेवकांचा प्रोजेक्ट. आपल्याकडे मॅनेजर एआयचा वापर किती झाला त्याचा डॅशबोर्ड बघतोय, तिथे बंदी कोण घालणार? आणि @क्यूए_मावशी, 'लोकली तपासलं' हे माणसंसुद्धा न तपासता वर्षानुवर्षं लिहीत आलीत.

क्यूए_मावशी:
हो, पण त्यांना पकडल्यावर लाज वाटायची. आता म्हणतात 'ते एआयने टाकलं हो'.

कोथरूडची_कोडर:
क्लायंटच्या कराराचंही बघा. आमच्याकडे त्यांनी मान्य केलेलं टूल सोडून बाहेर कुठेही डिफ पेस्ट करायला मनाई आहे, तरी लोक पर्सनल अकाउंटवरून करतात. असो, तो वेगळा धागा होईल. डिस्क्रिप्शनपुरतं सांगते, आम्ही काय बदललं ते एआयवर सोडलंय आणि का बदललं, कसं तपासलं हे दोन रकाने स्वतः भरायचे, भाषा नंतर सुधारून घ्या हवी तर. ते रिकामे असतील तर रिव्ह्यूला घ्यायचंच नाही.

टर्मिनल_टिनू:
आणि त्या 'का' मध्ये लोक काय लिहितात?

कोथरूडची_कोडर:
'जिरा तिकीट बघा.' (जिरा म्हणजे कामांच्या नोंदी ठेवायचं टूल.)

गिटबाबा:
आणि तिकिटात 'कॉलवर ठरल्याप्रमाणे'. यात एआयचा काही दोष नाही बुवा.